सहा वर्षांचा टायफॉइड

नानाखेडा, उज्जैन
३ मे २०२५

प्रिय सुलू आत्या,

पाकीट बघून घाबरू नको, कुणी गेलेलं नाही. फोनच करणार होते. पण तुला ऐकू यायला मला ओरडावं लागतं, आणि ज्यांच्याबद्दल ओरडायचंय ते तुझे भाऊ, म्हणजे आमचे बापू, बाजूच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेत. व्हॉट्सॲप तुझ्याकडे नाही. बचा फक्त पेन. माझं मराठी इंग्लिश मीडियमचं आहे, बोलते तसंच लिहिणार.

तर झालं असं की मार्चमध्ये बापूंनी गोळ्या गुपचूप बंद केल्या. रोज एक मोगऱ्याच्या कुंडीत पुरत होते. आमचा मोगरा सध्या मालव्यातला सगळ्यात शांत मोगरा आहे. आणि आम्ही बावळट खूश, की वा, बापू पहाटे गाणी म्हणून राहिले, अख्ख्या कॉलनीला पोहे खिलवून राहिले! मग कळलं, त्यांनी पोस्टातून साठ पोस्टकार्डं आणून नातेवाईक, नातेवाइकांचे व्याही, व्याह्यांचे शेजारी, सगळ्यांना एकच मजकूर पाठवलाय : ‘महाकालाच्या दर्शनाला या. उतरायला घरीच या. हॉटेलात गेलात तर माझं मेलं तोंड बघाल.’

आत्या, उज्जैनमध्ये राहणाऱ्यांकडे लोक न बोलावताही येतात. आमच्याकडे माणसं तीन आणि गाद्या अकरा. आता तर लेखी आमंत्रण! आणि एप्रिलपासून बापू धाडकन खाली. आंघोळ नाही, बोलणं नाही. पाहुणे दारात, यजमान चादरीत. आई शाळेत शिकवायला जाते, मी पाहुण्यांना पोहे देते आणि सांगते, ‘बापूंना टायफॉइड झालाय.’ सहा वर्षं आम्ही हाच टायफॉइड चालवतोय. लोक मोसंबी आणतात.

खरं नाव बायपोलर आहे. मतलब माणूस कधी गच्चीवर, कधी तळघरात. गोळ्या मधल्या मजल्यावर थांबायला. तुला हे आईनं कधी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

आता माझी गोष्ट. मला नोकरी लागली! आंबोलीला, एक वर्ष, बेडूक मोजायची. खरंच. तिथे असे बेडूक आहेत की बघून वेड लागेल (सॉरी). दहा जुलैला हजर व्हायचंय. पण डॉक्टर म्हणालेत, बापूंना सध्या एक तासही एकटं सोडायचं नाही. आईची रिटायरमेंट तीन वर्षं लांब. मी गेले तर दिवसा कोण?

तू येशील का? थोडे दिवस तरी?

तुझी,
निहारिका


बडोदे
१२ मे २०२५

चि. निहारिकास अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. बापू लहानपणापासूनच लहरी आहे. उन्हाळ्यात त्याचे डोके तापते. सोबत ब्राह्मीच्या तेलाची बाटली पाठवत आहे, टाळूवर चोळावे. तू लिहिलेस तसले काही आपल्या घराण्यात कोणाला नव्हते व नाही.

टायफॉइड सांगितलेस ते योग्य केलेस. घरातले घरात राहावे.

माझा गुडघा मला जिना उतरू देत नाही, उज्जैन तर दूरच. बेडूक मोजायला पगार मिळतो हे वाचून देशाची प्रगती कळली.

तुझी आत्या


उज्जैन
२० मे २०२५

प्रिय आत्या,

बाटली वाटेत फुटली. सगळं तेल तुझ्या पत्रानं प्यायलं. आता त्या पत्राची स्मरणशक्ती जबरदस्त असणार.

मी काय काय करून बघितलं ते ऐक. डॉक्टरांना विचारलं, ‘सर, पेशंटला गोळी आहे. घरच्यांना काय?’ ते म्हणाले, ‘धीरज रखो बेटा. नेक्स्ट!’ मग मी म्हटलं, ठीक आहे, आपणच ग्रुप काढू. माझी मैत्रीण देवश्री फ्रीगंजमध्ये कोचिंग घेते, तिची खोली रविवारी रिकामी असते. मी मोठा बोर्ड रंगवला : ‘घरात मानसिक आजार? नातेवाइकांनो, या, मोकळं बोलू. चहा फुकट.’ हिंदीत पण आणि मराठीत पण. पहिल्या रविवारी मी आणि देवश्रीनं तीस कप चहा केला आणि दोघींनी प्यायला. दुसऱ्या रविवारी एक काका आले. बोर्ड पूर्ण वाचला. म्हणाले, ‘मैं तो किसी और के लिए पूछ रहा था.’ दोन कप प्याले आणि गेले. देवश्री म्हणाली, ‘अगं येडी, ह्या बोर्डाखालून जिना कोण चढणार? समोर कचोरीची लाइन असते. अख्खं शहर बघतं.’

उदास होऊन घरी आले. आईचं बाथरूममध्ये रडणं चालू होतं. ती नळ सोडून रडते, म्हणजे आवाज नको. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे रडण्याचं पण टाइमटेबल आहे. आणि हॉलमध्ये बघते तर चार धडधाकट पाहुणे दुपारी जेवून घोरतायत! दर्शन झालं, पोट भरलं, गाडी उद्या. आत्या, तिथेच माझी ट्यूब पेटली. मी माणसं शोधायला फ्रीगंजला फिरतेय आणि माणसं माझ्या गाद्यांवर लोळतायत!

आता पाहुण्यांच्या खोलीच्या दारावर कागद लावलाय. राहणं-जेवण जसंच्या तसं. फक्त प्रत्येकानं रोज चार तास बापूंजवळ बसायचं. ड्यूटी. नियम एक, गोळी त्यांनी गिळलेली बघायची, तोंड उघडायला लावून. नियम दोन, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बगीच्यापर्यंत चक्कर, नाही म्हणाले तरी एकदा विचारायचं. नियम तीन, ‘मन खंबीर करा’ म्हणायचं नाही. नियम चार, तेल सुचवायचं नाही. (हा तुझ्यामुळे.) टायफॉइड बंद. सगळ्यांना खरं सांगणार.

आधी बापूंना वाचून दाखवलं. तोंड भिंतीकडेच. म्हटलं, ‘चालेल का?’ भिंतीलाच म्हणाले, ‘तीन नंबर अधोरेखित कर.’

आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. बोल, तू कधी येतेस?

निहारिका


बडोदे
२९ मे २०२५

चि. निहारिकास आशीर्वाद.

पत्र वाचून पाणी प्यावे लागले. पाहुण्याला काम लावतात? आपले पूर्वज दरबारच्या दफ्तरात होते. पाहुण्याच्या हाती आपण तांब्या दिला, कधी केरसुणी दिली नाही. आणि घरातला आजार दारावर चिकटवून ठेवायचा म्हणजे हद्द झाली. माई, तुझी आजी, असत्या तर काय म्हणाल्या असत्या?

तो कागद काढ. तुझ्या आईला, अलकाला, माझा आशीर्वाद सांग. ती सोसते आहे हे मला ठाऊक आहे.

गुडघा तसाच.

आत्या


उज्जैन
१२ जून २०२५

प्रिय आत्या,

कागद काढला नाही. लॅमिनेट केला.

खरं सांगू, पहिली बॅच फेल गेली. ग्वाल्हेरचे भय्यासाहेब दार वाचून म्हणाले, ‘बेटा, आम्ही दर्शनाला आलोय, नर्सिंगला नाही,’ आणि चालले हॉटेलात. आई दारात माफी मागत उभी. मला वाटलं, गेला आपला आयडिया शिप्रा नदीत. मग सांगलीचे तात्या आणि रजनीकाकू आले. तुझे चुलत-मावस काहीतरी आहेत न? तात्या रिटायर्ड इंजिनियर. घरात शिरल्या-शिरल्या भिंतीला ओल का आली ते त्यांनी सांगितलं, विचारलं कुणीच नव्हतं. ड्यूटीचं ऐकून म्हणाले, ‘एवढंच? दोन तासांत उठवतो त्याला.’

बसले खुर्ची ओढून. मी दाराबाहेर भाजी निवडत होते.

‘बापू, असं कसं चालेल? मन खंबीर केलं पाहिजे.’

चादरीतून आवाज आला, ‘नियम तीन.’

‘अहो पण माणसानं स्वतःच—’

‘अधोरेखित आहे.’

तात्या गप्प. एक तास. आत्या, तात्या एक तास गप्प बसलेले रजनीकाकूंनी लग्नानंतर प्रथम पाहिले, त्या पाणी घेऊन बघायला आल्या. तेवढ्यात दोन वाजले. मी बापूंची गोळी आणली. तात्यांनी पट्टी हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, ‘हीच?’ आणि बायकोकडे बघितलं. काकूंनी पर्समधून हिंग्वाष्टक चूर्णाची बाटली काढली, झाकण उघडलं आणि तळहातावर उपडी केली. चूर्ण नव्हतंच. तीच गोळी! तोच रंग, तीच कंपनी.

बापू उठून बसले. स्वतःहून. एप्रिलनंतर पहिल्यांदा.

‘तात्या, ह्या गोळीनं तुमचे पण हात कापतात का हो?’

‘कापतात. मी सांगतो थंडी वाजते.’

‘सांगलीत?’

‘मे महिन्यातसुद्धा.’

मग ते दोघं जे हसले न, मी वांगं हातात घेऊन रडले. नळ बिळ काही नाही, खुल्लम-खुल्ला.

स्वयंपाकघरात काकू म्हणाल्या, ‘बारा वर्षं झाली. माझ्या सख्ख्या बहिणीला माहीत नाही. सगळ्यांना वाटतं ह्यांना गॅसेसचा त्रास.’ मी म्हटलं, ‘आमच्याकडे टायफॉइड होता.’ आई शाळेतून आली ती पर्स खांद्यावरच ठेवून ओट्याला टेकली, आणि काकूंना विचारलं, ‘तुम्ही चिडता का हो त्यांच्यावर?’ काकू म्हणाल्या, ‘चिडते? एकदा मी ह्यांच्या ताटात मुद्दाम मीठ घातलं नाही, आठ दिवस!’ आई इतकी हसली की खाली बसली. ही माझी पहिली मीटिंग. बोर्ड नव्हता, चहा होता. ते दोन दिवसांसाठी आलेले, नऊ दिवस राहिले. आणि त्यांच्यानंतर आलेल्या तीन घरांपैकी दोघांनी ओट्याजवळ उभं राहून हळूच तेच म्हटलं, ‘आमच्याकडे पण एक आहे.’

पण खरी गोष्ट पुढे आहे. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टानं.

मी परवा बॅग भरायला काढली. नुसती बघत होते, बूट मावतात का. बापू दारात येऊन उभे राहिले. बॅगेकडे बघून म्हणाले, ‘सुलूताई गेली का?’ मी म्हटलं, ‘बापू, मी निहारिका.’ म्हणाले, ‘हो हो,’ आणि जाऊन झोपले. तेव्हापासून परत भिंत.

रजनीकाकूंना हे फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘अगं, मी लहानपणी तुझ्या आजीच्या पायावर नारळ ठेवलाय. त्यांच्या अंगात देवी यायची न? महिनाभर जागायच्या. मग महिनोन्‌महिने दिसायच्या नाहीत.’

आत्या, महिनाभर जागायच्या?

आपल्या घराण्यात कोणाला नव्हतं, असं तू लिहिलं होतं. तेलानं माखलेलं ते पत्र माझ्यासमोर आहे. सच-सच सांग.

निहारिका


बडोदे
२० जून २०२५

निहारिका,

माईंच्या अंगात देवी येत नव्हती. तुझ्या बापूला जे आहे तेच माईंना होते. तेव्हा नाव नव्हते, म्हणून देवीचे दिले. माई वर असल्या की अंगणात नारळांचा ढीग पडे, बायका पाया पडत, त्या गात आणि भविष्य सांगत. एकाही बाईचे खरे ठरले नाही, तरी पुन्हा येत. मग माई खाली जात. तेव्हा अंगणात चिटपाखरू नसे. नारळ वाहायला गाव आणि त्यांचे केस विंचरायला मी. माझ्या पंधराव्या वर्षापासून चोविसाव्यापर्यंत. नऊ वर्षे खोबऱ्याची चटणी खाल्ली आहे. आजही घरात नारळ आणत नाही.

मग बडोद्याचे स्थळ आले. मुलाचा फोटोही नीट पाहिला नाही. गाव दुसरे होते, एवढे पुरे होते. बापू तेरा वर्षांचा होता. त्याला सांगितले असते तर त्याने पदर सोडला नसता, म्हणून तो शाळेत असताना निघाले. त्यापुढे माई गेल्या तोवर त्याने एकट्याने केले. मला त्याने कधी एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरे झाले असते.

माझा गुडघा ठीक आहे. रोज बागेत जाते.

तुला जा म्हणायला माझे तोंड नाही, आणि थांब म्हणायला तर मुळीच नाही. मी येऊ शकत नाही. त्याच्यासमोर उभी कशी राहू ते मला कळत नाही.

तुझी आत्या


उज्जैन
२७ जून २०२५

प्रिय आत्या,

पत्र मी चार वेळा वाचलं. मग आईला दिलं. आई म्हणाली, ‘पंधरा वर्षांची होती ग ती,’ बस, एवढंच.

तू वाईट नाहीस. तुझ्याकडे गाद्या नव्हत्या, तात्या नव्हते, गोळी नव्हती. मी तुझ्यावर चिडलेली नाही. म्हणजे तेलावरून थोडी आहे.

पण मी पाच जुलैला आंबोलीवाल्यांना नाही म्हणून कळवणार. पाहुणे येतात-जातात, एखादा आठवडा मधेच रिकामा निघतो, आणि त्या आठवड्यात बापूंना एकटं ठेवता येत नाही. कुणीतरी कायमचं लागतं, ज्याच्या भोवती बाकीची ड्यूटी लावता येईल. आईनं शाळा सोडते म्हटलं, मी तिला दम दिला. मेल लिहून ठेवलाय. बेडूक पुढच्या वर्षी पण असतील. बेडकांना काय, पाऊस झाला की आले.

बापूंना तुझं पत्र दाखवलं नाही. दाखवू का?

निहारिका


आंबोली
१९ जुलै २०२५

प्रिय आत्या,

सध्या मी डोक्यापर्यंत भिजलेली आहे आणि एकशे बारा बेडकांवर आहे. इथले लोक माझं मराठी ऐकून विचारतात, ‘तुम्ही हिंदी का?’ मी म्हणते, ‘नाही हो, उज्जैनची.’ त्यांना ते उत्तर वाटत नाही.

तू दारात उभी राहिलीस न तीन तारखेला, ते मी रोज आठवते. माझ्या पत्राचं उत्तर येईल म्हणून मी पोस्टमनची वाट बघत होते, आणि ऑटोतून तू! ‘सामान तीन, गुडघे दोन, दोन्ही चालू. ड्यूटी किती वाजता?’ आईच्या हातातून पोळीचं पीठ पडलं. ऑटोवाला म्हणाला, ‘माताजी दर्शन को आई हैं?’ आणि तू म्हणालीस, ‘नहीं भिया, राहने को आई हूँ.’ तुझं हिंदी माझ्या मराठीपेक्षा खराब आहे.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तू बापूंच्या खोलीत गेलीस तेव्हा मी मागे उभी होते. ते पलंगावर बसले होते. त्यांनी काहीतरी म्हटलं आणि तू म्हणालीस, ‘काय? मोठ्यानं बोल.’ मग ते इतक्या जोरात ओरडले, ‘चहा घेणार का?’ की शेजारचे जोशी बाहेर आले. आठवतं? तीन महिन्यांत त्यांचा तेवढा आवाज नव्हता निघाला. पण त्याआधी जे हळू म्हटलं होतं ते चहाचं नव्हतं. तुला ऐकू आलं नाही, मला आलं. ते म्हणाले होते, ‘आता मी मोठा झालोय ताई. जायचं असलं तर सांगून जा.’

तुला कळायला पाहिजे, म्हणून लिहिलं.

तात्यांचं काय ठरलं? आई नळ सोडते का अजून? बापूंची रक्ततपासणी पंचवीसला आहे, विसरू नको.

तुझी,
निहारिका (आतापर्यंत एक जळू, डाव्या पायाला)


उज्जैन
३० जुलै २०२५

चि. निहारिकास अनेक आशीर्वाद.

तपासणी झाली. रक्तातल्या औषधाचा आकडा मधल्या मजल्यावर आहे. डॉक्टर ‘नेक्स्ट’ म्हणाले, मी उठले नाही. मला ऐकू येत नाही हे त्यांना कळेपर्यंत माझे सात प्रश्न विचारून झाले होते.

अलका नळ सोडत नाही. परवा माझ्यावरच मोठ्याने ओरडली, मी डाळीत गूळ जास्त घातला म्हणून. फार बरे वाटले तिला. मलाही. माझ्याशी सगळ्यांना ओरडूनच बोलावे लागते, त्यामुळे या घरातले आता काहीच घरात राहत नाही. बापूने गोळी घेतली की नाही हे जोशांना आमच्याआधी कळते. काल त्यांची सून भिंतीवरून वाकून म्हणाली, ‘आत्या, माझ्या माहेरी पण एक आहेत.’ तिला ओट्याजवळ बोलावले आहे.

तात्या आणि रजनी दहा तारखेला पंधरा दिवसांसाठी येत आहेत. तेव्हा मी बडोद्याला जाऊन घर झाडून येईन. जाणार आहे हे बापूला आत्ताच सांगून ठेवले आहे. तारीख त्याने कॅलेंडरवर लिहून घेतली, येण्याचीही.

तू कळवलेस ते मला तेव्हाच कळले होते. फोनवर मी बहिरी आहे, समोर माणूस असला की ओठ वाचते, कोणाला सांगत नाही एवढेच. तो बोलला ते मी पूर्ण वाचले. मी मोठ्यानं बोल म्हणाले, कारण उत्तर सुचत नव्हते आणि थोडा वेळ हवा होता. त्यालाही हवा असावा, त्याने चहा विचारला. आता मी कोथिंबीर आणायला निघाले तरी त्याला सांगून निघते. काल म्हणाला, ‘ताई, कोथिंबिरीसाठी उठवत जाऊ नकोस.’

अजून सगळे ठीक नाही. कधी बगीच्यापर्यंत येतो, कधी फाटकापर्यंत. गेल्या बुधवारी आलाच नाही.

एक सांगायचे आहे. परवा त्याने पोस्टकार्ड मागितले. मला ती साठ पोस्टकार्डे आठवली. तुझ्या आईने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. मग मी एक दिले. म्हटले, एकच मिळेल, दुसरे मागितलेस तर डॉक्टरकडे नेईन. तो म्हणाला, एकच हवे आहे. दोन दिवस लागले लिहायला, हात कापतो ना. सोबत ठेवले आहे.

तुझी आत्या

*

चि. निहारिका,

महाकालाच्या दर्शनाला ये. बेडूक मोजून झाले की ये, घाई नाही. उतरायला घरीच ये. चार तास ड्यूटी लागेल, माझ्या हातात काही नाही, नियम लॅमिनेट केलेले आहेत.

मोगरा फुलला. आता गोळी मी घेतो, त्याला देत नाही.

बापू